हवामान धोरण कागदावर चोख, गाव मात्र पाण्यात: या चुका टाळा

जुलै २०२१ मध्ये जर्मनीतल्या आर नदीच्या खोऱ्यात महापूर आला. मोठ्या पुराचा इशारा आधीच दिलेला होता, तरी त्या पुरात देशभरात १८० हून अधिक माणसं दगावली. अंदाज होता, यंत्रणा होती. नदीकाठच्या माणसाला आत्ताच घर सोडायचं आहे, हे मात्र वेळेत कळलं नाही.

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच: इशारा ‘दिला’ म्हणजे काम झालं असं धरणं. ‘२०० मिलिमीटर पाऊस’ ऐकून कोणी घर सोडत नाही. पाणी कोणत्या गल्लीत शिरेल, कधी निघायचं, कुठे जायचं, आजारी माणसाला कोण नेणार, हे सांगावं लागतं आणि ते ओळखीच्या तोंडून यावं लागतं. आजच्या बांगलादेशात, म्हणजे तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात, १९७० च्या चक्रीवादळात किमान तीन लाख माणसं गेली. १९७२ पासून तिथे गावोगावचे स्वयंसेवक भोंगा आणि झेंडे घेऊन दारोदार फिरतात, निवारे उघडतात. आताच्या मोठ्या वादळांतही तिथली जीवितहानी त्या काळाच्या तुलनेत अगदी थोडी असते. तुमचा इशारा वाया जात असेल, तर नवं ॲप काढण्याआधी शेवटच्या घरापर्यंत कोण चालत जातं ते तपासा.

दुसरी चूक बांधाची. पूरसंरक्षक भिंत झाली की लोक निर्धास्त होतात, तिच्या आडोशाला वस्ती वाढते आणि ती फुटली की नुकसान आधीपेक्षा मोठं होतं. भिंत बांधा, पण पूररेषेतली बांधकामंही रोखा.

आराखडा पूर्ण करून मग गावाची सही घेणं टाळा. पाणी आधी कुठे तुंबतं हे तिथल्या बायकांना, मच्छीमारांना नकाशाआधी ठाऊक असतं.

उष्णतेच्या लाटेत पडझड दिसत नाही, म्हणून ती आराखड्यातून सुटते. २००३ च्या युरोपातल्या लाटेत हजारो वृद्ध बंद घरांत एकटे गेले. एकटं राहणाऱ्यांची यादी उन्हाळ्याआधी तयार हवी, रोज त्यांच्याकडे जाणारा माणूसही ठरलेला हवा.

पैशाचं वेळापत्रकही उलटं असतं: आधी नुकसान, मग पंचनामा, मग मदत. २०२० मध्ये बांगलादेशात जमुनेचा पूर शिखर गाठण्याआधीच, अंदाजाच्या आधारे कुटुंबांच्या हाती रोख रक्कम दिली गेली. धोरणात अशी तरतूद आधीच लिहून ठेवा: नदीची पातळी किती झाली की निधी सुटेल आणि तो कोणाच्या सहीने सुटेल.