नवख्या पूल खेळाडूला क्यू भेट देताना या चुका टाळा

क्यू म्हणजे पूल या टेबलावरच्या चेंडूंच्या खेळात चेंडू मारण्याची काठी. दुकानात क्यू पाहणाऱ्याची नजर बहुधा तिच्या मागच्या भागावर, म्हणजे बटावर, खिळते. कारण नक्षी, जडावकाम आणि चकचकीत वॉर्निश हे सारे तिथेच असते. खेळणाऱ्याचे काम मात्र चेंडूला टेकणाऱ्या टिपेवर आणि तिच्यामागच्या वीतभर लाकडावर चालते. भेट म्हणून घेतलेल्या क्यूबद्दल पुढे ज्या तक्रारी ऐकू येतात, त्यांतल्या बऱ्याचशा या नजरचुकीतून निघालेल्या असतात. निवड करताना क्यू टोकाकडून मागे पाहत गेले, तर खालील चुकांपैकी निम्म्या तरी आपोआप टळतात.

कोणता पूल खेळला जातो, हेच न विचारणे

‘पूल’ या एका नावाखाली वेगवेगळ्या मापांच्या चेंडूंचे खेळ खेळले जातात. जगभर सर्वाधिक रूढ असलेल्या एट-बॉल आणि नाइन-बॉल या प्रकारांत चेंडूचा व्यास 57.15 मिलिमीटर आणि वजन साधारण 156 ते 170 ग्रॅम असते. स्नूकरचा चेंडू 52.5 मिलिमीटरचा असतो. ब्रिटिश पद्धतीच्या पूलमध्ये रंगीत चेंडू 50.8 मिलिमीटरचे, तर पांढरा चेंडू पुष्कळदा त्याहूनही लहान, 47.6 मिलिमीटरचा असतो. क्यूची घडण या मापांनुसार बदलते. मोठ्या चेंडूंच्या पूलसाठी हार्ड मेपल लाकडाचा शाफ्ट (क्यूचा पुढचा भाग) आणि साधारण 12 ते 13 मिलिमीटरची टिप वापरतात. स्नूकरसाठी बहुधा ॲश लाकूड, पितळी फेरूल (टिपेमागचे टोपण) आणि 9 ते 10 मिलिमीटरची टिप असते. ब्रिटिश पूलची टिप त्याहूनही बारीक असते.

माझ्या भाच्याला मी दिलेली पहिली क्यू नेमकी याच कारणाने फसली. तिचे पितळी फेरूल आणि लाकडावरच्या बाणासारख्या रेषा पाहून ती मला उंची वाटली आणि मी ती घेतली. ती स्नूकरची होती, तो खेळत होता नाइन-बॉल. भाच्याने महिनाभर ती भिडेखातर वापरली आणि मग गुपचूप क्लबातल्या क्यूकडे परतला. स्नूकरच्या क्यूने जड चेंडू खेळता येतच नाही असे नाही. पण हलक्या चेंडूसाठी घडवलेला बारीक शाफ्ट जड चेंडूवर जोराने मारताना अधिक लवतो, आणि पुढे बारीक व मागे सलग जाड होत जाणारी त्याची घडण नवख्याच्या बोटांच्या पकडीत एकसारखी सरकत नाही. पूलच्या बऱ्याच क्यूंमध्ये टिपेमागचे 10 ते 15 इंच जवळजवळ सारख्याच जाडीचे ठेवलेले असतात ते त्यासाठीच. उलट दिशेची चूकही तितकीच गैरसोयीची आहे: लहान चेंडूवर 13 मिलिमीटरची टिप ठेवली की चेंडूचा बराचसा भाग टिपेआड जातो आणि नेमका बिंदू दिसेनासा होतो.

दुकानात ओळखण्याची एक ढोबळ खूण अशी की पूलची क्यू बहुधा बरोबर मध्यावर जोडलेली असते आणि दोन्ही तुकडे जवळपास सारख्या लांबीचे असतात, तर स्नूकरच्या क्यूमध्ये जोड पुष्कळदा मागच्या चौथ्या हिश्श्याशी असतो. मात्र मध्यावर जोडलेल्या स्नूकर क्यूही मिळत असल्याने खूण पाहिल्यावर टिपेचे माप विचारावेच.

जड क्यू म्हणजे जोरदार फटका, असे समजणे

क्यूचे वजन औंसात सांगितले जाते आणि पूलच्या बहुतेक क्यू 18 ते 21 औंसांच्या, म्हणजे सुमारे 510 ते 595 ग्रॅमच्या असतात. वर्ल्ड पूल-बिलियर्ड असोसिएशनच्या नियमांत कमाल मर्यादा 25 औंसांची आहे, पण तिथवर जाण्याचे नवख्याला काही कारण नाही. क्यू मुळातच चेंडूच्या तिपटीहून जड असते, त्यामुळे तीत आणखी एका औंसाची भर घातल्याने फारसे काही घडत नाही. क्यूचा वेग तोच राहिला, तर 19 ऐवजी 20 औंसांच्या क्यूने चेंडूचा वेग साध्या गणिताप्रमाणे जेमतेम एका टक्क्याने वाढतो; आणि जड क्यू हाताने थोडी सावकाश हलते हे धरले, तर तेवढाही फायदा हाती लागेलच असे नाही. फटक्यातला जोर हाताच्या वेगातून आणि ठोका चेंडूच्या मध्याशी बसण्यातून येतो.

म्हणून काही माहिती हाती नसेल तर 19 औंसांची क्यू घ्यावी. माहिती मिळवणे मात्र अवघड नाही. क्लबातल्या सामाईक क्यूंच्या बटावर अनेकदा वजनाचा आकडा छापलेला किंवा कोरलेला असतो. ज्याला भेट द्यायची तो मांडणीतून दर वेळी कोणती क्यू उचलतो आणि तिच्यावर कोणता आकडा आहे, एवढे पाहून ठेवले तर आपली भेट गुप्तही राहते आणि अंदाजही चुकत नाही. शिवाय बऱ्याच क्यूंच्या बटात मागच्या बाजूने बदलता येणारा वजनाचा बोल्ट असतो. अशी क्यू घेतल्यास औंसभराची चूक नंतर सुधारता येते. दोन सारख्याच वाटणाऱ्या क्यूंपैकी एकीत ही सोय असेल, तर मी डोळे मिटून तीच घेईन.

टिपेकडे दुर्लक्ष करणे

सगळ्या क्यूमध्ये चेंडूला शिवणारा भाग एकच, तो म्हणजे ही चामड्याची चकती. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समध्ये फ्रांस्वा मिंगो या खेळाडूने चामड्याची टिप रूढ केली. त्याआधी लाकडाचे उघडे टोक चेंडूवरून सहज घसरत असे आणि चेंडूला हुकमी फिरकी देणे दुरापास्त होते. एवढी महत्त्वाची ही चकती भेटवस्तू निवडताना मात्र शेवटी पाहिली जाते किंवा मुळीच पाहिली जात नाही.

टिपा मऊ, मध्यम आणि कठीण अशा मिळतात. मऊ टिप चॉक, म्हणजे घसरू नये म्हणून टिपेला लावायची भुकटी, चांगला धरते, पण लवकर दबते आणि तिच्या कडा फेरूलच्या बाहेर फुगून कुत्र्याच्या छत्रीसारख्या दिसू लागतात. कठीण टिप आकार टिकवते, मात्र तिला वारंवार आणि नीट चॉक लावण्याची सवय हवी, जी नवख्याला अजून लागलेली नसते. म्हणून मध्यम टिप निवडावी. चामड्याचे पातळ थर चिकटवून केलेली टिप एकाच तुकड्याच्या साध्या टिपेपेक्षा सहसा अधिक एकसारखी वागते, आणि बटावरच्या नक्षीपेक्षा अशा टिपेवर खर्च केलेला बरा. स्क्रूने बसणाऱ्या टिपेची क्यू शक्यतो टाळावी, कारण तशी टिप खेळता खेळता सैल होते आणि चांगल्या प्रतीच्या टिपा बहुतेक चिकटवण्याच्याच असतात.

दुसरी गोष्ट अशी की नवी क्यू खेळायला तयार असते, हा समज अनेकदा खोटा ठरतो. कारखान्यातून आलेली टिप कधी सपाट, तर कधी इतकी गुळगुळीत असते की चॉक तिच्यावर बसतच नाही. तिला घुमटासारखा गोलवा द्यावा लागतो, ज्याची त्रिज्या साधारण 9 ते 10.5 मिलिमीटर असावी, आणि पृष्ठभाग किंचित खरखरीत करावा लागतो. यासाठी मिळणारे टिप-शेपर हे छोटे अवजार क्यूसोबत द्यावे. नक्षीदार हातमोज्यापेक्षा ते पहिल्याच दिवशी उपयोगी पडेल. चॉकचे दोन ठोकळेही द्यावेत. नाव चॉक असले तरी फळ्यावरच्या खडूशी त्याचा संबंध उरलेला नाही. विल्यम स्पिंक्स आणि विल्यम हॉस्किन्स यांनी 1897 मध्ये अमेरिकेत पेटंट घेतलेल्या मिश्रणापासून पुढे आलेला हा ठोकळा सिलिका आणि घर्षक द्रव्यांचा असतो, आणि त्याचे काम टिप व चेंडू यांच्यातले घर्षण वाढवण्याचे आहे.

शाफ्टच्या जाहिरातीला भुलणे

चेंडूला मध्यापासून बाजूला मारले की तो नेम धरलेल्या रेषेपासून फटक्याच्या विरुद्ध बाजूला किंचित सरकतो. या सरकण्याला डिफ्लेक्शन म्हणतात आणि ते मुख्यतः शाफ्टच्या टोकाकडील वीतभर भागाच्या वस्तुमानावर अवलंबून असते. टोक हलके करून हे सरकणे कमी केलेले लो-डिफ्लेक्शन शाफ्ट मिळतात, आणि कार्बन फायबरचे शाफ्टही मिळतात. ते चांगले असतात, यात वाद नाही. पण डिफ्लेक्शन त्यांनी कमी होते, नाहीसे होत नाही. ज्याचा हात अजून प्रत्येक फटक्याला वेगळ्या रेषेत जातो, त्याला या फरकाचा लाभ चटकन कळणार नाही. शिवाय असा खेळाडू अधूनमधून क्लबातली क्यू वापरत राहिला, तर दोन क्यूंसाठी दोन नेम शिकण्याची पाळी त्याच्यावर येते. खर्चाची ऐपत असेल तर असा शाफ्ट देण्यात वावगे काही नाही. मात्र त्यासाठी टिप, पिशवी आणि सरळपणा यांच्यात काटकसर करणे उलट्या क्रमाचे ठरेल. कार्बन फायबरचा एक गुण मात्र नवख्यालाही लागलीच उपयोगी पडतो: दमटपणामुळे तो वाकत नाही.

पुढेमागे शाफ्ट बदलता येईल या विचाराने आज साधी क्यू घेणे शहाणपणाचे आहे, पण जोडाचा स्क्रू प्रचलित मापाचा आहे ना, हे आधी पाहावे. 5/16 इंच जाडीचे आणि इंचाला 18 किंवा 14 आट्यांचे, 3/8 इंच जाडीचे आणि इंचाला 10 आट्यांचे, रेडियल, युनि-लॉक असे अनेक प्रकार आहेत आणि एकाचा शाफ्ट दुसऱ्याला बसत नाही. या कारणानेच बट न पाहता सुटा शाफ्ट भेट देणे हा जवळजवळ जुगारच आहे.

सरळपणा चुकीच्या रीतीने तपासणे

जोडलेली क्यू टेबलावर गडगडवून पाहण्याची पद्धत सर्वांना ठाऊक असते, पण ती एकटी पुरेशी नाही. जोड किंचित कलता असेल तरी क्यू डगमगते आणि दोष लाकडाचा वाटतो. दोन्ही तुकडे वेगवेगळे गडगडवावेत, आणि शाफ्ट व पृष्ठभाग यांच्यातली फट वर-खाली होते का, हे पाहावे. मग क्यू जोडून डोळ्यासमोर धरावी आणि सावकाश फिरवत टोकापर्यंत नजर टाकावी. केसाएवढा फरक खेळात जाणवत नाही. स्पष्ट दिसणारा बाक असेल, तर क्यू कितीही सुंदर असली तरी ती परत ठेवावी.

काही किरकोळ गैरसमज

डावखुऱ्यासाठी वेगळी क्यू नसते. क्यू सर्व बाजूंनी सारखीच असते. प्रौढांना बहुधा 58 इंचांची क्यू जमते, लहान मुलांसाठी 48 किंवा 52 इंचांची घ्यावी, आणि फार उंच व्यक्तीसाठी मागे जोडता येणाऱ्या एक्स्टेन्शनची सोय पाहावी. पकडीवर लिननचा दोरा असावा, चामडे असावे की काहीच नसावे, हा निव्वळ आवडीचा प्रश्न आहे. ब्रेक क्यू (डावाच्या सुरुवातीला चेंडू फोडण्याची) किंवा जम्प क्यू (चेंडू उडवण्याची) ही पहिली क्यू म्हणून देऊ नये. त्यांच्या कठीण टिपा एकेका विशिष्ट फटक्यासाठी असतात. बटावर नाव कोरून घेण्याचा मोह मात्र आवर्जून टाळावा, कारण नाव कोरलेली क्यू दुकानदार बदलून देत नाही आणि पहिल्या क्यूच्या बाबतीत बदलण्याची मुभा हाच भेटीचा सर्वांत उपयोगी भाग असतो.

क्यू देऊन झाल्यावर येणाऱ्या तक्रारी

‘टिप घसरते’ ही पहिली आणि नेहमीची तक्रार. आधी टिपेचा गोलवा आणि खरखरीतपणा पाहावा, मग चॉक टिपेच्या कडेपर्यंत सारखा बसला आहे का ते पाहावे. दोन्ही ठीक असूनही टिप घसरत असेल, तर दोष क्यूचा नसून फटका चेंडूच्या मध्यापासून फार दूर बसत असतो. मध्यापासून साधारण अर्ध्या त्रिज्येपलीकडे, म्हणजे 57.15 मिलिमीटरच्या चेंडूवर जवळजवळ 14 मिलिमीटरपलीकडे, उत्तम टिपही टिकाव धरत नाही.

‘क्यू खडखडते’ असे ऐकू आले, तर जोड पुरता आवळला आहे का, मागचा रबरी बंपर सैल आहे का आणि आतला वजनाचा बोल्ट हलतो का, या क्रमाने पाहावे. बहुतेक आवाज या तिघांपैकी एकाचा निघतो. टिप नीट चिकटलेली नसली किंवा फेरूलला चीर गेली, तर फटक्याचा आवाज बद्द येतो आणि मग कारागीर गाठावा लागतो.

‘शाफ्ट बोटांत अडकतो’ याचे कारण घाम आणि चॉकची भुकटी. त्यावर घरगुती सँडपेपर फिरवण्याची हौस अनेकांना येते; तसे केल्याने शाफ्ट प्रत्येक वेळी थोडा बारीक होतो आणि ती झीज भरून निघत नाही. किंचित ओलसर कापडाने पुसून लगेच कोरड्या कापडाने घासावे, तेवढे पुरते.

काही महिन्यांनी क्यू वाकल्याची तक्रार आली, तर ती कुठे ठेवली जाते हे विचारावे. भिंतीला तिरकी टेकवून ठेवलेली किंवा उन्हात उभ्या गाडीत राहिलेली लाकडी क्यू वाकण्याची भीती असते, म्हणून कडक आवरणाची पिशवी क्यूसोबतच द्यावी; एक बट आणि एक शाफ्ट मावेल इतकी लहान पिशवीही पुरते. टिप झिजून फेरूलच्या अगदी जवळ आली, तर ती बदलण्याचे काम पहिल्या वेळी तरी कारागिराकडूनच करून घ्यावे, कारण जुनी टिप कापताना फेरूलवर पडलेली खाच नव्या टिपेला सपाट बसू देत नाही.