रात्री एक वाजता भांडण मिटवू नका: इफिसकरांस ४:२६ घरात कसं पाळायचं

‘तुम्ही रागात असताना सूर्य मावळू नये’ हे बायबलमधलं वचन कित्येक ख्रिस्ती घरांत पाठ असतं, आणि नेमक्या याच वचनापायी काही जोडप्यांचं भांडण रात्री एकपर्यंत चालतं. ‘आजचं आजच मिटवायचं’ म्हणून दोघं उपाशीपोटी बसतात. मग दमलेल्या डोक्यातून जे बाहेर पडतं, ते मूळ कारणापेक्षा जास्त लागतं.

वचन पुन्हा वाचा. सुरुवातच ‘रागावा, परंतु पाप करू नका’ अशी आहे. पुढच्या वचनात सैतानाला वाव देऊ नका असं म्हटलंय. रागाला घरात मुक्काम करू द्यायचा नाही, एवढाच हे पत्र लिहिणाऱ्या प्रेषित पौलाचा मुद्दा. वाद रात्रीतच निकाली निघाला पाहिजे असं तो कुठेही म्हणत नाही. मार्क ११:११ पाहा: येशू संध्याकाळी मंदिरात येतो, सगळं निरखून पाहतो आणि बारा शिष्यांबरोबर बेथानीला निघून जातो. मंदिरात धंदा मांडलेल्या सराफांचे चौरंग तो पालथे करतो ते दुसऱ्या दिवशी. मधे अख्खी एक रात्र गेलेली असते.

आता नेहमीचाच प्रसंग घ्या. ताटावर ताट झाकून ठेवलंय, वरणावर साय धरलीय आणि नवरा साडेनऊला दारात. फोन नाही, मेसेज नाही.

कान तापले, जबडा आवळला, तोंडातून ‘तू नेहमीच’ निघालं, की बोलणं तिथेच थांबवा. पण सांगून उठा: ‘मला राग आलाय. दहाला बोलू.’ वेळ न सांगता उठलात तर समोरच्याला तो अबोला वाटतो, आणि अबोला हाही मारच असतो. किमान २० मिनिटं घ्या, छाती धडधडायची थांबायला एवढा वेळ लागतोच. ४ आकडे मोजत श्वास आत, ६ मोजत बाहेर, असं १० वेळा. या वेळात बहिणीला फोन लावू नका. मनातल्या मनात ‘मग मी असं म्हणेन’ची उजळणीही नको. बहुतेकांचं इथेच बिनसतं. गच्चीवर फेऱ्या मारून माणूस परततो तो जास्तच धार लावून.

त्याऐवजी बायबलमधलं स्तोत्र १३ मोठ्याने वाचा. फक्त ६ ओव्या आहेत. पहिल्या दोन ओव्यांत दावीद देवाला ‘कोठवर?’ असं परत परत विचारतो, आणि भरवशाचं बोलणं येतं ते शेवटी. प्रार्थनेतही तोच क्रम ठेवा. आधी तक्रार, तीही न सजवता. ‘प्रभू, मला शांती दे’ अशी गुळगुळीत प्रार्थना करून राग गिळला, तर तो भांडी आपटण्यातून बाहेर येतो. मग कागदावर तीन ओळी लिहा: काय घडलं, मला कशाची भीती वाटली, मला काय हवंय. पहिल्या ओळीत विशेषण नको.

बोलताना त्याच तीन ओळी वापरा. ‘तू साडेनऊला आलास, फोन नव्हता. मला आधी काळजी वाटली, मग राग आला. उशीर होणार असेल तर आठच्या आत कळव.’ नीतिसूत्रे १५:१ मध्ये मृदू उत्तराने कोप निवतो असं म्हटलंय. मृदू ठेवायचा तो सूर, मागणी स्पष्टच हवी. ‘तुला घराचं काही पडलंय का?’ या प्रश्नाला उत्तरच नसतं, म्हणून भांडण लांबतं.

अकरा वाजले आणि सुटलं नाही तर थांबा. ‘हे संपलेलं नाही. उद्या चहानंतर बोलू. मी तुझ्या विरोधात नाही.’ मग दोघांनी मिळून येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना म्हणा. ‘आमची ऋणे सोड’पाशी जीभ अडली, तर ते देवाला तसंच सांगा. मात्र सकाळची वेळ पाळा. टाळलीत की त्याची अढी होते.

चूक तुमची असेल तर माफीत ‘पण’ नको. ‘मुलांसमोर तुला मूर्ख म्हणालो, ते चुकलं,’ इतकं नेमकं बोला, आणि ते मुलांसमोरच बोला. मत्तय ५:२२ मध्ये हाच शब्द आहे, आणि लगेच पुढे वेदीपाशी दान ठेवून आधी समेट करायला सांगितलंय. चर्चमध्ये प्रभुभोजनाचा किंवा मिस्साचा रविवार असेल तर हे शनिवारीच उरका. मंडळीतल्या कुणाचा राग असेल तर मत्तय १८:१५ प्रमाणे आधी त्याला एकट्याला गाठा. व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेला टोमणा त्यात बसत नाही.

हात उगारला जात असेल, वस्तू फेकल्या जात असतील, तर मात्र यातलं काहीच पुरेसं नाही. क्षमा करणं म्हणजे मार खात राहणं नव्हे. आधी सुरक्षित जागी जा, ११२ किंवा महिलांसाठीच्या १८१ वर फोन करा. अशा घरात पाळकांनी किंवा फादरनी लगेच दोघांना समोरासमोर बसवून समेट घडवू नये. बायकोचं आधी एकटीचं ऐकावं, आणि ती काय बोलली हे नवऱ्याच्या कानावर जाऊ देऊ नये.