गोंगाटात बोलणं कळावं म्हणून कानाचं मशीन कसं सुधाराल

रविवारी सकाळी नाशिकच्या गंगापूर रोडच्या मिसळीच्या हॉटेलात समोरच्याचं बोलणं कळेना, म्हणून मशीनचा आवाज वाढवला की स्टीलच्या ताटल्याच जास्त टणटणतात. कमी पडत असतो तो बोलणं आणि गोंगाट यांच्यातला फरक. नव्या मशीनला पैसे मोजण्याआधी तो फरक स्वस्तात किती वाढतो ते बघा.

आधी साफसफाई. वायरच्या टोकाला स्पीकर असलेल्या मशीनमध्ये टोकावर बारीक जाळी असते, तिला वॅक्स गार्ड म्हणतात. मळ बसला की आवाज दबतो आणि ‘स’, ‘फ’ अशी हलकी अक्षरं आधी गळतात. जाळी सुईने टोचू नका, बदला: नव्या जाळीसोबत येणाऱ्या काडीच्या एका टोकाने जुनी ओढून काढायची, दुसऱ्या टोकाने नवी दाबून बसवायची. माइकची दोन भोकं कोरड्या ब्रशने, मशीन उलटं धरून झाडा. त्यातलं एक जरी बुजलं तरी दिशा ओळखणं बिघडतं. शांत खोलीत हे जाणवतच नाही, म्हणून महिनोन्महिने कुणाच्या लक्षात येत नाही. पावसाळ्यात मशीन रात्री सिलिका जेलच्या डबीत ठेवा.

मग डोम, म्हणजे कानात जाणारी मऊ टोपी. भोकं असलेला उघडा डोम हलका वाटतो, पण पंख्याची, गर्दीची घरघर त्यातून थेट कानात शिरते; मशीनने केलेली गाळणी वाया जाते. ऑडिओग्राममध्ये, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीच्या आलेखात, 250 आणि 500 हर्ट्झलाच (खालच्या सुरांना) 40 डेसिबलच्या पुढे तूट असेल, तर बंद डोम किंवा तुमच्या कानाच्या मापाने घडवलेला मोल्ड घ्या. सुरुवातीला स्वतःचा आवाज रांजणात बोलल्यासारखा घुमतो. काही आठवड्यांत सवय होते. नाहीच झाली तर मोल्डचं व्हेंट (हवेचं भोक) थोडं मोठं करून घ्या.

ऑडिओलॉजिस्टकडे (श्रवणतज्ज्ञाकडे) ‘आवाज नीट करा’ एवढंच म्हणू नका. रिअल इअर मेजरमेंट मागा: कानाच्या पडद्याजवळ बारीक नळी ठेवून कानात खरोखर किती आवाज पोचतो ते मोजतात. फक्त कंपनीच्या फर्स्ट फिटवर, म्हणजे सॉफ्टवेअरच्या तयार सेटिंगवर, सोडलेल्या मशीनमध्ये वरच्या सुरांचा आवाज बऱ्याचदा कमी राहतो. डेटा लॉगिंग, म्हणजे मशीन किती तास वापरलं याची नोंद, उघडायला सांगा; मशीन दिवसाला दोन तास वापरून गोंगाटाची तक्रार करण्यात अर्थ नाही. गर्दीसाठी समोरच्या दिशेचा वेगळा प्रोग्रॅम बटणावर घ्या.

आता बसायची जागा. ‘पाठ भिंतीला लावून बसा’ हा सल्ला दिशादर्शक माइकला (जो समोरचा आवाज जास्त उचलतो) उलटा पडतो, कारण सगळा गोंगाट समोर येतो. भिंतीकडे सोबत्याला बसवा, तुम्ही त्याच्याकडे तोंड करा. भटारखाना तुमच्या पाठीमागे राहू द्या. मोकळ्या जागेत अंतर 2 मीटरवरून 1 मीटर केलं की बोलणं 6 डेसिबलने वाढतं. खऱ्या गर्दीत दिशादर्शक माइकही बहुधा इतकं देत नाहीत.

तरीही लग्नाच्या लॉन्सवर अडतंय? मग बोलणाऱ्याचा आवाज थेट मशीनला पाठवणारा वायरलेस रिमोट माइक घ्या, मात्र तो तुमच्या मशीनशी जुळतो का ते आधी विचारा. बोलणाऱ्याच्या कॉलरला, तोंडापासून 15-20 सेंटिमीटरवर लावा. टेबलावर ठेवायचा असेल तर घडी केलेल्या रुमालावर, ताटल्यांपासून लांब. नाहीतर प्रत्येक चमचा कानात आपटतो.

एवढं करून भागलं नाही, तर नवं मशीन. चॅनेल (आवाजाचे वेगवेगळे सुधारता येणारे पट्टे) किती, यावर भुलू नका. दोन्ही कानांना तूट असेल तर एका महागड्या मशीनपेक्षा मध्यम दर्जाची जोडी बरी. एआयने बोलणं वेगळं काढणारी मशीन आली आहेत. ती घेताना तो मोड चालू ठेवून चार्ज किती तास टिकतो ते विचारा. आठवडाभराची ट्रायल मागा आणि दुकानाच्या शांत केबिनमध्ये निकाल देऊ नका. त्याच हॉटेलात, त्याच टेबलावर, आधी जुनं आणि मग नवं मशीन लावा. सोबत्याने तोंड झाकून दहा-दहा वाक्यं म्हणायची, तुम्ही ऐकू आलेली लिहायची. फरक एखाद्या वाक्याचाच असेल तर मशीन परत करा. घेतलंच, तर बिल वाचा: श्रवणयंत्रावर जीएसटी शून्य आहे.