फोटोब्लॉग काढताय? आधी थोडं ऐका

हार्डडिस्कवर तीस-चाळीस हजार फोटो पडून आहेत आणि त्यातले शंभरसुद्धा दुसऱ्या कुणी बघितलेले नाहीत, अशी गत झाली की माणसाला ब्लॉग सुचतो. मलाही तसाच सुचला. मी साताऱ्याचा, कास पठार घरापासून पंचवीसेक किलोमीटर, म्हणजे ऑगस्ट ते ऑक्टोबर फुलं आणि बाकीचं वर्ष किल्ले, फोटोंना तोटा नाही. आता कुणी विचारलं की "काढू का मी पण?" तर मी काढच म्हणतो, फक्त कसा काढायचा ते ऐकून घे म्हणतो, कारण यातले बरेचसे तोटे आपणच ओढवून घेतो.

पैशाचं आधी सांगून टाकतो, मिळत नाहीत. जाहिराती लावून डोमेनचे, म्हणजे ब्लॉगच्या स्वतःच्या नेटवरच्या पत्त्याचे, वर्षाचे हजारेक रुपये निघाले तरी पेढे वाटा. ब्लॉग बघून एखादं काम येतंही कधीतरी, पण त्या भरवशावर लेन्सचा हप्ता डोक्यावर घेऊ नका.

मग फायदा काय? निवडायला लागतं, हा. एका ट्रेकवरून चारशे फोटो येतात, व्हॉट्सॲपवर साठ ढकलले तरी कुणी काही बोलत नाही, पण ब्लॉगवर टाकायचे तर दहा-बाराच, आणि त्यासाठी बसलं की एकाच सूर्यास्ताचे नऊ फोटो समोर येतात आणि आपलं आपल्यालाच कळतं की आपण नुसते एका जागी उभं राहून बटण दाबत होतो, ना खाली बसलो ना चार पावलं पुढे गेलो. माझी पद्धत अशी आहे की आल्या दिवशी फोटो बघायचेच नाहीत, कॉपी करून आठवडाभर सोडून द्यायचे. चढून दमलेलो असतो म्हणून तो फोटो भारी वाटत असतो, पाय दुखायचे थांबले की खरं दिसतं. पहिल्या फेरीत हललेले उडवायचे, दुसऱ्या फेरीत सारखे दिसणारे दोन असतील तर एकच ठेवायचा, आणि तिसरी फेरी बायकोबरोबर, कारण तिला फोटोग्राफीत काडीचा रस नाही. ज्या फोटोवर तिचं बोट थांबलं नाही, तो गेला. भांडायचं नाही.

दुसरा फायदा फोटोखालच्या ओळींचा. "निसर्गाची किमया" लिहून सुटू नका हो, जागा, महिना, काय दिसत होतं ते लिहा. कासवर निळ्या-जांभळ्या इवल्याशा फुलांचा सडा पडतो, त्याचे फोटो मी तीन सीझन नुसते टाकत होतो. नाव लिहायचं म्हणून शोधायला गेलो तेव्हा कळलं की ही सीतेची आसवं, आणि हे रोप चक्क मांसाहारी! ओल्या मातीत त्याच्या बारीक पिशव्या असतात, त्यात ते सूक्ष्म जीव ओढून घेतं, कारण कातळावरच्या पातळ मातीत पोषण जवळपास नसतंच. पुढच्या वर्षी मी पाण्याच्या कडेने रोपं कशी उगवलीत ते बघत बसलो आणि फोटो आधीपेक्षा बरे आले. ओळी मराठीत लिहिल्या तर अजून बरं, गडाचं, फुलाचं नाव मराठीत शोधणारे लोक भरपूर असतात आणि कॅमेऱ्याने दिलेलं नुसतं आकड्यांचं नाव फाइलला ठेवलं तर तुमचा फोटो त्यांना सापडणार कसा?

टाकण्याची तांत्रिक बाजू लहान आहे. कॅमेऱ्यातली दहा-बारा एमबीची जेपेग तशीच चढवू नका, लांब बाजू २००० पिक्सेल, क्वालिटी ८० च्या आसपास, म्हणजे फाइल साधारण अर्ध्या एमबीत बसते आणि गावाकडे रेंजच्या नावाने बोंब असली तरी उघडते. एक्स्पोर्ट करताना कलर स्पेस, म्हणजे फाइलमध्ये रंग साठवायची पद्धत, एसआरजीबी ठेवा, नाहीतर काही स्क्रीनवर रंग धुतल्यासारखे दिसतात. वॉटरमार्क कोपऱ्यात घातला तर लोक कापतात, मधोमध घातला तर राजगडापेक्षा तुमचं नाव मोठं दिसतं, मी घालत नाही. लहान फाइल टाकायची आणि मूळ रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली कच्ची फाइल, जपून ठेवायची, भांडण झालंच तर तोच पुरावा.

आता तोट्यांकडे येतो. वेळ जातो हे सगळे सांगतात, एका पोस्टला दोन संध्याकाळी धरून चला. त्याहून वाईट म्हणजे आपण ब्लॉगसाठी फोटो काढायला लागतो. हरिश्चंद्रगडाला कोकणकड्यावर कधीकधी इंद्रवज्र दिसतं, खाली ढगात गोल इंद्रधनुष्य आणि मधोमध आपलीच सावली. एकोणिसाव्या शतकात कर्नल साइक्स या ब्रिटिश अधिकाऱ्याने ते तिथे बघून नोंदवून ठेवलंय. ते माझ्या ब्लॉगवर नव्हतं, म्हणून मी तीन वेळा गेलो आणि तिन्ही वेळा ढगाकडे बघत कड्याला चिकटून बसलो, मंदिर नाही, पुष्करणी नाही, बरोबरची मंडळी काय बोलत होती तेही आठवत नाही. दिसलं नाहीच. आता वर्षातून दोन ट्रिप अशा ठेवतो की त्यातला एकही फोटो टाकायचा नाही, आधीच ठरवून, आणि गंमत म्हणजे घरात फ्रेम करून लावलेले दोन्ही फोटो त्यातलेच आहेत.

लोकेशनचं मात्र फार सांभाळा. फोनमध्ये लोकेशन चालू असेल तर फोटोच्या फाइलमध्ये अक्षांश-रेखांश जातात, आणि मोठ्या सोशल साइट फोटो दाखवताना ते सहसा काढून टाकतात पण आपल्या स्वतःच्या ब्लॉगवर ते तसेच राहू शकतात. गॅलरीत बुलबुलने घरटं केलं म्हणून कौतुकाने फोटो टाकाल आणि त्यासोबत घराचा पत्ता जाईल. एक्स्पोर्ट करताना लोकेशन काढायचा पर्याय असतो, तो टिक करा. पक्ष्यांची घरटी, दुर्मिळ ऑर्किड यांची नेमकी जागा लिहूच नका, तालुका पुरे झाला. एकाने जागा लिहिली की पुढच्या रविवारी तिथे पंधरा जण असतात आणि फोटोत फांदी आडवी येते म्हणून ती तोडणारेही त्यातच निघतात.

माणसांचे फोटो असतील तर विचारा. वारीत दिवे घाटात हजारो कॅमेरे असतात, तिथे गर्दीचा फोटो ठीक, पण थकून झाडाखाली झोपलेल्या आजींचा क्लोजअप टाकायचा तर तुमच्या आजीचा तसा टाकला असता का ते बघा. लहान मुलांचे तर आईबापाला विचारल्याशिवाय नकोच.

कॉपीराइटचा गोंधळ पण बऱ्याच जणांचा असतो. आपल्या १९५७ च्या कायद्याप्रमाणे फोटो काढला की हक्क आपोआप काढणाऱ्याचा, नोंदणी लागत नाही, आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर हा हक्क फोटोग्राफर गेल्यावरही ६० वर्षं राहतो. पण कुणी पैसे देऊन फोटो काढून घेतले, समजा लग्नाचे, आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक पैसे देणारा असतो. त्यामुळे लग्नाच्या ऑर्डरी घेत असाल तर ब्लॉगवर फोटो टाकायची परवानगी ॲडव्हान्स घेतानाच लेखी घ्या, नंतर नवरीच्या काकांचा फोन येतो.

राहिली जागा कुठे घ्यायची ते. फुकट सुरुवात करा, काही हरकत नाही, पण फुकटच्या जागेवर फोटोंची एकमेव प्रत ठेवू नका. फोटो ठेवायच्या साइटींचंच बघा, पिकासा २०१६ मध्ये गुंडाळलं, फोटोबकेटने २०१७ मध्ये नियम बदलले आणि लोकांच्या पानांवर फोटोंच्या जागी नुसत्या सूचनेच्या चौकटी आल्या, फ्लिकरने २०१८ मध्ये फुकटवाल्यांना १००० फोटोंची मर्यादा जाहीर केली. म्हणून तीन प्रती ठेवायच्या, त्यातल्या दोन वेगवेगळ्या डिस्कवर आणि एक घराबाहेर, माझी बहिणीकडे कोल्हापूरला असते आणि दिवाळीला बदलतो.

डोमेन स्वतःचं घेतलं तर रिन्यूअलची तारीख फोनमध्ये टाका, ईमेलवर विसंबू नका. माझा पहिला पत्ता असाच गेला, आठवण करून देणारे ईमेल मी कधीच सोडून दिलेल्या आयडीवर येत राहिले आणि आता त्या पत्त्यावर कुणीतरी कुठल्याशा परक्या भाषेत केसांचं तेल विकतं. फोटो डिस्कवर होते म्हणून वाचले, त्याखालच्या ओळी मात्र कुठेच नव्हत्या, त्या आठवून आठवून परत लिहायला अख्खा पावसाळा गेला. तेव्हापासून मजकूर आधी वेगळ्या फाइलमध्ये लिहितो आणि ती फाइल त्याच फोटोंच्या फोल्डरमध्ये टाकतो.