आरोग्यासाठीच्या करावर आपल्या खासदारांची भूमिका कशी तपासावी

सरकारी आरोग्यसेवा सुधारली पाहिजे, असे म्हणणार नाही असा लोकप्रतिनिधी सापडणे कठीण. त्यासाठी जादा कर घ्यावा का, हे मात्र सभेतल्या भाषणातून कळत नाही. ते संसदेच्या कामकाजात शोधावे लागते.

शोधाची सुरुवात २०१८ पासून करावी. त्या वर्षी प्राप्तिकरावरच्या ३ टक्के शिक्षण उपकराच्या (ठरावीक कामासाठी मूळ करावर घेतल्या जाणाऱ्या जादा कराच्या) जागी ४ टक्के आरोग्य व शिक्षण उपकर आला. ज्याचा प्राप्तिकर १ लाख रुपये होतो, त्याला उपकरापोटी ३ हजारांऐवजी ४ हजार रुपये भरावे लागू लागले. हा बदल ज्यात होता, ते वित्त विधेयक (करविषयक प्रस्तावांचे विधेयक) लोकसभेने १४ मार्चला गदारोळात, चर्चेविना, आवाजी मतदानाने मंजूर केले. आवाजी मतदानात कोणी कोणत्या बाजूने कौल दिला याची नोंद राहत नाही. मतविभाजन, म्हणजे नोंद होणारे मतदान, झाले तरी सदस्य पक्षादेशाने बांधलेले असतात. म्हणून केवळ मतावर विसंबू नये.

संसदेच्या संकेतस्थळावर सदस्याच्या नावाने विचारलेले प्रश्न आणि चर्चेतील भाषणे मिळतात, ती नीट वाचावीत. ‘आमच्या जिल्ह्यात रुग्णालय कधी होणार’ हा खर्चाचा प्रश्न झाला. ‘उपकरातून किती रक्कम जमा झाली आणि त्यातली आरोग्यावर किती गेली’ असे विचारणाऱ्याने कराचा विचार केला आहे, असे मी मानतो. उपकराला विरोध असल्याचे सांगणाऱ्या सदस्याने तो कमी करण्याची दुरुस्ती मांडली होती का, हेही पाहावे, कारण कर घटवण्याच्या दुरुस्तीला राष्ट्रपतींची शिफारस लागत नाही.

मात्र प्रत्येक आक्षेप करालाच असतो असे समजू नये. सार्वजनिक आरोग्य हा राज्यसूचीतला, म्हणजे राज्यांच्या अखत्यारीतला विषय आहे, तर राज्यघटनेच्या अनुच्छेद २७० नुसार उपकर राज्यांशी वाटून घ्यायच्या निधीत येत नाही. त्यामुळे महाराष्ट्राचा खासदार कर मान्य करूनही त्यात राज्याचा वाटा मागू शकतो, आणि ती रास्त भूमिका आहे.

नोंदींतून उलगडा झाला नाही, तर खासदारांना पत्र लिहून नेमके विचारावे: उपकर वाढवायला आपला पाठिंबा आहे का? उपकरातला आरोग्याचा वाटा ज्यात जमा करण्याचा निर्णय मार्च २०२१ मध्ये झाला, त्या प्रधानमंत्री स्वास्थ्य सुरक्षा निधीच्या खर्चाबाबत आपण सभागृहात काही विचारले आहे का? अर्थसंकल्प १ फेब्रुवारीला मांडला जातो, तेव्हा हे पत्र जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यातच पोहोचते करावे.