ग्लिसांडो, बेंड आणि फॉल वाजवताना या चुका टाळा

ग्लिसांडो म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड सरकत जाणं, बेंड म्हणजे सूर थोडा वाकवणं, आणि फॉल म्हणजे शेवटी सूर खाली पडू देणं. सूर वाकवायचा म्हटलं की क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन वाजवणारे बहुतेक जण आधी जबडा खाली सोडतात. सगळ्यात मोठी चूक हीच. सूर उतरतो खरा, पण त्याचा कसच निघून जातो, आणि पुष्कळदा आवाज मध्येच तुटतो. बेंडचं खरं काम जिभेच्या मागच्या भागात होतं. 'ई' म्हणताना जीभ टाळूजवळ असते, 'ऑ' म्हणताना मागून खाली जाते. ओठांची पकड तशीच ठेवून एवढीच हालचाल करायची.

मला हे कळलं ते नुसत्या माउथपीसवर. आल्टो सॅक्सोफोनच्या माउथपीसवर 880 हर्ट्झचा ए हा सूर स्थिर धरा, समोर ट्यूनर आणि आरसा ठेवा, आणि सूर अगदी सावकाश अर्धा स्वर खाली न्या. ट्यूनरचा काटा धक्के खात उतरला तर आरशात हनुवटी बघा, ती हललेली दिसेल. मी कित्येक दिवस एवढंच केलं, आणि तो वेळ सार्थकी लागला.

सुरुवात खर्जातल्या सुरांवर करू नका, ते फारसे वाकत नाहीत. वरच्या सप्तकात सूर लवकर ऐकतो. आणि रीडच्या, म्हणजे क्लॅरिनेट-सॅक्सोफोनसारख्या पातीच्या, वाद्यांवर सूर खाली भरपूर जातो, वर जेमतेम. म्हणून वर चढणारा बेंड हवा असेल, तर खालून सुरू करून मूळ सुरावर यायचं.

क्लॅरिनेटवर लांब ग्लिसांडो घेताना बोटं पटापट उचलली की मींड राहत नाही, सरगम होते. बोट छिद्रावरून कडेला हळूहळू सरकवा, आणि जीभ त्याच्यासोबत असू द्या.

ट्रॉम्बोनवर बरेचदा गणित चुकतं. स्लाइडच्या (सरकत्या नळीच्या) पहिल्या पोझिशनपासून, म्हणजे ती पूर्ण आत असताना, सातवीपर्यंत, म्हणजे पूर्ण बाहेर, सहाच अर्धस्वर मिळतात. एफवरून वरच्या बी फ्लॅटला जायचं असेल आणि तो एफ तुम्ही पहिल्या पोझिशनवर घेतलात, तर स्लाइड आत घ्यायला जागाच उरत नाही. तोच एफ सहाव्या पोझिशनवर घ्या, म्हणजे अखंड सरकत वर येता येईल.

ट्रम्पेटवर व्हॉल्व्ह (बोटांनी दाबायच्या कळा) अर्धे दाबून ग्लिसांडो घेताना हवेला अडथळा वाढतो. तेव्हा फुंक वाढवायची, माउथपीस ओठांवर दाबायचा नाही.

फॉल बिघडतो तो दोन कारणांनी. एक, सूर पुरता उमटायच्या आतच तो सोडला जातो. दुसरं, सूर पडू लागला की फुंकही सोडून दिली जाते, मग ऐकणाऱ्याला नुसता अर्धवट तुटलेला सूर ऐकू येतो. आवाज लहान होऊ द्या, हवा मात्र शेवटपर्यंत चालू ठेवा. चारपाच जण एकत्र वाजवत असाल, तर फॉल कुठल्या मात्रेवर संपायचा ते आधी ठरवून कागदावर पेन्सिलीने खूण करा.