चिलखती घोडदळ: कधी सोडावं, कधी आवरावं

स्ट्रॅटेजी गेममध्ये चिलखती स्वार हाती आले की नवा खेळाडू ते थेट समोरच्या फळीवर सोडतो आणि जमवलेलं सगळं सोनं मातीत घालतो. निदान आपण ग्वाल्हेरकरांनी तरी असं करू नये. घोडदळाच्या लाटेपुढे कवायती पायदळ कसं उभं करायचं, हे महादजी शिंद्यांनी दाखवून दिलंय.

सुरुवात खर्चापासून करा. ‘एज ऑफ एम्पायर्स २’ मध्ये एका नाइटला (म्हणजे चिलखती स्वाराला) ६० अन्न आणि ७५ सोनं लागतं. भालाइताला ३५ अन्न आणि २५ लाकूड. झाडं पुष्कळ असतात, सोन्याच्या खाणी मात्र संपतात. म्हणून तबेल्याला हुकूम देण्याआधी एक हलका स्वार पाठवून शत्रूकडे काय तयार होतंय ते बघा. तिरंदाज किंवा उघड्यावरचे कामकरी दिसले तर नाइट काढा. भालाईत किंवा उंटस्वार दिसले तर हात आखडता घ्या. साधू दिसले तर आणखी सावध राहा, ते तुमचाच महागडा स्वार फितवून नेतात.

मग जमीन बघा. १४१५ साली फ्रान्समधल्या ॲजिनकोर्टच्या लढाईत नांगरलेलं शेत पावसाने भिजलेलं होतं, दोन्ही बाजूंना झाडी होती आणि इंग्रज तिरंदाजांपुढे टोकदार खुंट रोवलेले होते. फ्रेंच स्वारांना बगलेने घुसायला जागाच मिळाली नाही. बाण लागून उधळलेले घोडे मागून येणाऱ्या आपल्याच लोकांत शिरले. ‘टोटल वॉर’ या गेममध्येही घोडदळ झाडीत नेऊ नका आणि लांबून दौडत आणू नका. चालत न्या, शेवटच्या टप्प्यात दौडू द्या.

चिलखती स्वार एकटे कधीच पाठवू नका. इ.स.पू. ५३ मध्ये कार्हे इथल्या लढाईत पार्थियनांनी (प्राचीन इराणच्या साम्राज्याने) रोमनांना पेचात धरलं ते दोन प्रकारचे स्वार एकत्र वापरून. रोमन ढाली जुळवून दाटीने उभे राहिले की घोड्यावरचे तिरंदाज बाणांचा मारा करत. पांगले की माणसासकट घोडाही पोलादात मढवलेले भालेवाले चालून येत. त्यामुळे आधी बाणांनी फळी विस्कटा, मग बगलेतून किंवा पाठीमागून हल्ला करा.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची: स्वार परत काढणं. धडकेचा जोर काही क्षणांत ओसरतो. स्वारांनी भाले सोडून तलवारी उपसल्या की समजा, आता ते चिखलात रुतल्यासारखे अडकणार. लगेच मागे बोलवा, मोकळ्यावर पुन्हा रांग धरा, पुन्हा सोडा.

शिस्तीच्या पायदळावर मात्र समोरून मुळीच जाऊ नका. सप्टेंबर १७९० मध्ये मारवाडातल्या मेडत्याला महादजींच्या पलटणी त्यांचा युरोपियन सेनानी डी बॉयन याच्या हाताखाली होत्या. मारवाडच्या राठोड राजपुतांचे स्वार अंगावर येताच पलटणींनी पोकळ चौकोन रचला, म्हणजे पाठ अशी कुठल्याच बाजूला उरली नाही. राठोड पुन्हा पुन्हा तुटून पडले. शौर्यात ते तसूभरही कमी नव्हते, पण संगिनींच्या रांगेत घोडा सहसा घुसत नाही, आणि तो अडखळला की बंदुकांच्या फैरींना स्वार आयताच सापडतो. गेममध्ये अशी फळी दिसली तर स्वार नुसते बाजूला फिरवत ठेवा. शत्रूचे भालाईत तिकडे वळले की तुमचे तिरंदाज मोकळे होतात.

आणि काही स्वार राखीव ठेवाच. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर अब्दालीने ताज्या दमाची फौज दुपारपर्यंत हातची राखली आणि मराठे थकल्यावर पुढे घातली. भाऊसाहेबांकडे तेव्हा घालायला तशी ताजी फौज उरली नव्हती. निदान पाचातला एक स्वार शत्रूचे सगळे भालाईत लढाईत गुंतेपर्यंत मागेच उभा ठेवा.